अंतर कुणाच्या पायानं मोजायचं?

गेल्या वर्षी आमच्या हातून मोजणीत एक चूक झाली. एकशे सत्तर मीटरची. एवढीशी चूक ती काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या चुकीपायी आमचे दोन-अडीच महिने वाया गेले आणि तेवढ्यात एका मुलीची शाळा सुटली. चूक आमची होती, कचेरीची नव्हती. म्हणूनच ती इथे सगळ्याजणींपुढे मांडते आहे. जिच्या तिच्या हातात आता फोन आहे आणि फोनमध्ये नकाशा आहे. आम्ही केली तीच चूक उद्या तुमच्याही गटाकडून होऊ शकते.

मी राणीसावरगावची. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातलं हे गाव. रेणुकादेवीच्या देवळामुळे आसपासच्या भागात सगळ्यांना माहीत असलेलं. बाजार, दवाखाना, वरच्या वर्गांची शाळा यासाठी भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं आमच्याच गावात येतात. पुरुष मोटारसायकलवर येतात, बायका आणि पोरी पायी येतात. अशाच एका वस्तीवर शाळा पाचवीपर्यंत आहे. सहावीपासून पुढं गावात यावं लागतं. त्या वर्षी वस्तीवर पाचवी झालेल्या पाच मुली होत्या. पाचही जणींना शिकायचं होतं. आईबापांचीही ना नव्हती. त्यांचं म्हणणं एकच होतं : "पोरी एवढं लांब एकल्या कशा जातील? गाडीची सोय करा, धाडतो."

मागणी न्याय्य होती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या २०१० च्या केंद्रीय नियमांप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा वस्तीपासून तीन किलोमीटरच्या आत हवी. नसेल तर मुलांच्या जाण्यायेण्याची किंवा राहण्याची मोफत सोय शासनानं करायची आहे. जूनमध्ये आम्ही अर्ज केला. थोड्याच दिवसांत उत्तर आलं : वस्ती ते शाळा अंतर २.८७ किलोमीटर, निकषात बसत नाही.

आम्ही चिडलो. आमच्या गटातली एक मुलगी संगणक शिकलेली आहे. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं, ते तिनं लॅपटॉपवर घेतलं. खाली जगाचा तयार नकाशा लावला, वस्तीवर एक टिंब आणि शाळेवर एक टिंब ठेवलं आणि मोजपट्टीच्या खुणेवर बोट दाबलं. आकडा आला ३.०४. आम्हाला तर आनंदच झाला! कचेरीनं मुलींना डावलण्यासाठी अंतर कमी दाखवलं, असं पत्र लिहिलं, त्यावर चाळीस बायकांच्या सह्या-अंगठे घेतले आणि सप्टेंबरात सगळ्याजणी मिळून कचेरीत गेलो.

तिथला एक तरुण कर्मचारी शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं सॉफ्टवेअर सपाट नकाशावर मोजतंय. जमिनीवर मोजायला सांगा त्याला." त्यानं आमच्याच लॅपटॉपवर एक खूण बदलली आणि आकडा २.८७ झाला. चाळीस सह्यांचं ते पत्र माझ्या हातात तसंच राहिलं. त्या दिवशी एसटीत कुणी कुणाशी बोललं नाही.

सपाट नकाशाची लबाडी

नंतर आम्ही ते समजून घेतलं. वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं. तांत्रिक शब्दांचा बागुलबुवाच मोठा असतो.

पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. मोसंबीची साल ताटात सपाट पसरून बघा. ती फाटते. फाटू द्यायची नसेल तर कुठेतरी ताणावी लागते. कोणताही सपाट नकाशा म्हणजे अशी ताणलेली साल. १५६९ मध्ये मर्केटर नावाच्या नकाशाकारानं खलाशांसाठी एक नकाशा बनवला. त्यात दिशा बरोबर राहाव्यात म्हणून विषुववृत्तापासून वर किंवा खाली जाऊ तसतसा नकाशा जास्त ताणलेला आहे. आज फोनवर आणि संगणकावर दिसणारे बहुतेक तयार नकाशे त्याच पद्धतीचे आहेत. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७. विषुववृत्तावर या नकाशातला किलोमीटर खरा असतो. साठ अंशांवर, म्हणजे नॉर्वेच्या ऑस्लोजवळ, जमिनीवरचा एक किलोमीटर या नकाशात दोन होतो. कन्याकुमारीला फरक जेमतेम एक टक्का, श्रीनगरला वीस टक्क्यांच्या पुढे. आमचं गाव एकोणीस अंशांच्या जवळपास आहे, तिथे साडेपाच ते सहा टक्के. २.८७ चे ३.०४ झाले ते असे. नकाशाच्या ताणाला आम्ही जमिनीवरचं अंतर समजलो.

दुसरा घोळ अंशांचा. फोन जागा सांगतो ती अक्षांश-रेखांशांत. अंश हा कोनाचा भाग आहे, लांबीचा नाही. आमच्याकडे उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५.३ किलोमीटर. कारण रेखांशाच्या रेषा वर जाताना मोसंबीच्या फोडींसारख्या जवळ येत जातात. दोन्ही दिशांना एकच माप धरून कुणी गुणाकार केला, तर पूर्व-पश्चिम अंतर पुन्हा पाच टक्क्यांनी फुगतं.

यावर उपाय दोन. सॉफ्टवेअरच्या मोजपट्टीत सपाट मोजायचं की पृथ्वीच्या गोलाईवरून मोजायचं असे दोन पर्याय असतात. त्यातला गोलाईचा निवडायचा. किंवा आपल्या पट्ट्यासाठी बनवलेली मोजणीची पद्धत लावायची. तिचं नाव यूटीएम. या पद्धतीत जगाचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडले आहेत. ७२ ते ७८ रेखांशांचा पट्टा ४३ क्रमांकाचा. परभणीसह महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ३२६४३. यवतमाळ, वर्धा, नागपूरच्या बहिणींनी ४४ चा पट्टा घ्यायचा, म्हणजे ३२६४४. या पद्धतीतही पट्ट्याच्या मध्यरेषेवर हजार मीटरमागे चाळीस सेंटीमीटर कमी भरतात. मध्यरेषेपासून सुमारे १८० किलोमीटरवर माप अगदी खरं होतं आणि त्याच्या पुढे थोडं जास्त भरायला लागतं. गंमत म्हणजे आमचा गंगाखेडचा भाग जवळजवळ त्या १८० किलोमीटरच्या रेषेवरच येतो. आमच्याकडे या पद्धतीनं मोजलं तर किलोमीटरमागे दहा सेंटीमीटरचाही फरक पडत नाही. अचूक मोजायला इतकी सोयीची जागा आणि आम्ही तिथेच चुकलो!

तिसरी सावधगिरी जुन्या नकाशांबद्दल. सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे पृथ्वीच्या ज्या आकारावर बेतले होते, तो एव्हरेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० साली मांडला. त्याच्या आधी हे काम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं होतं. साखळ्या ओढत, त्रिकोण बांधत तो उत्तरेकडे येत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. फोनमधला जीपीएस पृथ्वीचा वेगळा आकार धरतो. जुन्या नकाशावरून वस्तीची जागा उचलली, फोनवरून शाळेची जागा घेतली आणि दोन्हींचा मेळ घातला नाही, तर आपल्या भागात एखादी जागा शंभर मीटरहून जास्त सरकू शकते. निकष काठावरचा असेल तर तेवढ्यानं निकाल फिरतो.

आकडा बरोबर, मोजलेली गोष्ट चूक

एवढं शिकल्यावर मला वाटलं, संपलं. कचेरी बरोबर, आपण चूक, माफी मागून मोकळं व्हावं. पण वस्तीवरच्या एका आजीनं आमची उतरलेली तोंडं पाहून विचारलं, "त्या साहेबाची रेघ कुठून जाती गं?" आम्ही लॅपटॉप उघडून दाखवलं. रेघ एका मळ्यातून, एका विहिरीवरून आणि ओढ्याच्या खोल डोहावरून जात होती. आजी म्हणाली, "मग कावळ्याला घाला की साळंत."

आजीनं एका वाक्यात सगळं सांगितलं. २.८७ हा आकडा खरा होता, पण तो कावळ्याच्या वाटेचा होता. मुलींच्या पायवाटेचा नव्हता. आम्ही सरळ रेघेच्या आकड्याशीच भांडत बसलो. रेघ चुकीची मोजली आहे म्हणून भांडलो, पण रेघच का मोजली हे विचारलं नाही.

आता आम्ही पुन्हा मोजायला बसलो. या वेळी दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा फोनची : पोरींबरोबर चालत जायचं आणि फोनवर वाटेची नोंद चालू ठेवायची. त्यातही एक मेख आहे. आपण थांबून गप्पा मारल्या तरी फोनमधलं टिंब इकडेतिकडे नाचत राहतं आणि अंतर फुगवतं. म्हणून थांबलं की नोंद थांबवायची. दुसरी तऱ्हा सायकलची : चाकाला चिंधी बांधली, दहा फेऱ्यांत सायकल किती जाते ते दोरीनं मोजलं, २०.७ मीटर भरलं. मग सायकल हातानं ढकलत पोरी निघाल्या आणि चिंधी वर आली की आकडा मोजत राहिल्या. शाळेच्या फाटकापर्यंत २,०३० फेरे. म्हणजे ४.२ किलोमीटर. फोननं दाखवलं ४.२६. दोन वेगळ्या साधनांत साठ मीटरचा फरक, याला मी जुळलं म्हणते. पावसाळ्यात ओढा चढला की पांदीची वाट बंद होते आणि डांबरी सडकेनं वळसा घ्यावा लागतो. ती वाट ५.६ किलोमीटर.

मग आम्ही नियम पुन्हा उघडला. मी आधी तो वाचला होता, पण आकड्यापुरता. २०१० च्या केंद्रीय नियमांत नुसतं 'तीन किलोमीटर' म्हटलेलं नाही. चालत जाण्याचं अंतर, असं स्पष्ट म्हटलं आहे. पुढे असंही आहे की अवघड भूभाग, पूर, रस्त्यांचा अभाव, लहान मुलांना वाटेत धोका असेल तिथे ही मर्यादा आणखी कमी करून शाळेची सोय करायची. म्हणजे आजी जे म्हणाली तेच कायद्यात आधीपासून होतं. कायदा करणाऱ्यांनी पाय मोजले होते, अंमलबजावणीत त्याची रेघ झाली.

रेघ का सोयीची असते

आणि हे एकाच कचेरीचं पाप नाही. रेघ ओढायला दोन टिंबं पुरतात, खुर्चीतून उठावं लागत नाही. वाट मोजायची तर कुणीतरी चालावं लागतं. शिवाय पहिलं टिंब कुठं ठेवायचं हेही कुणीतरी ठरवतं. गावाचं म्हणून ते बहुधा गावठाणाच्या मधोमध, चावडी किंवा देवळापाशी पडतं. वस्ती, तांडा, दलित वस्ती गावाच्या कडेला असते. तिथल्या बाईचं अंतर चावडीपासून मोजलं की ती कागदावर आपोआप जवळ येते.

गाव सोडून शहरात गेलात तरी हेच. खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना पालकांना नकाशावर आपल्या घरी खूण ठेवावी लागते. शाळा त्या खुणेपासून किती दूर, यावर प्राधान्य ठरतं. मोलकरणीचं काम करणाऱ्या आईच्या बोटाखाली ती खूण चार गल्ल्या सरकली तर लेकराचा प्रवेश सरकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. पण 'एक किलोमीटर' हे दोन शब्द किती मुलांचं वर्ष ठरवतात ते यातून दिसलं.

पाण्याचंही तसंच. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागात पाचशे मीटरपलीकडचं पाणी 'दूर' धरलं होतं. साडेचारशे मीटरवरचा हापसा म्हणजे 'जवळ'. दोन हंडे घेऊन दिवसातून सहा खेपा करणारीला विचारा, जवळ आहे का म्हणून. खेप म्हणजे जाणं आणि येणं. तिचे नऊशे मीटर, सहा खेपांचे पाच किलोमीटरवर चारशे मीटर, निम्मे डोक्यावर ओझं घेऊन. पाणीपुरवठ्याच्या जुन्या केंद्रीय निकषात निदान एक शहाणपण होतं : सपाटीवर १.६ किलोमीटर धरले, तर डोंगराळ भागात शंभर मीटरचा चढ-उतारही तितकाच दूर मानला. कधी काळी कुणीतरी चढ मोजला होता, याची आठवण ठेवायला हवी.

यावर आपल्यातल्याच काहीजणी म्हणतील, हे आकड्यांचं लचांड कशाला? मुलींना शाळेत जायचंय, गाडी द्या, एवढं म्हटलं की पुरे. मी पूर्वी असंच म्हणत असे. आता म्हणत नाही. आकडा चुकला की समोरच्याला आपलं सगळंच म्हणणं बाजूला सारायला कारण मिळतं. मोर्चातल्या घोषणेत चूक खपते, अर्जात खपत नाही. दुसऱ्या काहीजणी म्हणतील, तज्ज्ञाकडून मोजून घ्या. जरूर घ्या. पण कुठून कुठपर्यंत मोजायचं आणि कोणती वाट धरायची, हे तज्ज्ञाला जी ती वाट रोज तुडवते तिनंच सांगायचं. आमच्यातलं शिकलेलं माणूस नकाशापाशी चुकलं आणि न शिकलेली आजी वाटेपाशी बरोबर निघाली. दोघीही लागतात.

म्हणून आता कुणीही अंतराचा आकडा पुढे केला की आम्ही चार प्रश्न विचारतो. कुठून कुठपर्यंत मोजलं? सपाट नकाशावर मोजलं की जमिनीच्या गोलाईवर, आणि कोणत्या पद्धतीनं? सरळ रेघ की चालायची वाट? आणि कोणत्या ऋतूतली? हे चार प्रश्न आम्ही आमच्याही आकड्यांना लावतो, आधी आम्हालाच.

नवा अर्ज आम्ही ऑक्टोबरात दिला. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं की आमचा आधीचा आकडा चुकीचा होता, तुमचा २.८७ बरोबर आहे, पण तो सरळ रेघेचा आहे. खाली वाटेचा नकाशा, सायकलचे फेरे, फोनची नोंद, ओढ्याचा फोटो. चूक कबूल केल्यावर समोरच्यांचा सूर बदलला, हे मला सांगायलाच हवं. तोच तरुण कर्मचारी वाट चालायला आला. सकाळी मुलींबरोबर निघाला, शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत ५८ मिनिटं लागली. 'पायी अंतर ४.२ कि.मी., पावसाळ्यात वाट बंद' अशी नोंद त्यानं स्वतःच्या हातानं केली. गाडी अजून मिळालेली नाही. अहवाल वर गेला आहे, पाठपुरावा चालू आहे. चार मुली सध्या एकमेकींच्या सोबतीनं पायी येतात.

पाचवी येत नाही. दसऱ्यानंतर तिचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. गाडीचा पत्ता नाही, पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिला बरोबर नेली. आमचा अर्ज जूनमध्येच नीट गेला असता, तर दसऱ्याआधी काही ठरलं असतं का? छातीठोकपणे सांगता येत नाही. पण जायच्या आदल्या दिवशी तिची आई मला म्हणाली, "ताई, तुमचं अंतर बरोबर निघस्तोर माझं लेकरू उसात गेलं." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अजून नाही.

मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा भरवायची तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. या बैठकांत आपण सह्या करून उठतो. पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावातल्या शाळेचं, हापशाचं, दवाखान्याचं, रेशन दुकानाचं अंतर कागदावर किती लिहिलंय ते मागून घ्या. मग सायकलच्या चाकाला चिंधी बांधा, दोन पोरी आणि एक आजी बरोबर घ्या आणि चालत निघा. जो आकडा येईल तो लिहा, आपल्या बाजूचा असो की नसो. आणि लवकर करा. ऊसतोडीच्या गाड्या दसऱ्यानंतर निघतात.